बारा वाजेपर्यंतचं मौन

शुभा आठल्येला राग आला की तिचा आवाज चढत नसे. तो नाहीसाच होई. हे तिने आईकडून घेतलं होतं. फलटणच्या घरात काही बिनसलं की आई चार-चार दिवस वडिलांशी बोलायची नाही. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण शब्द नाही. वडील पाटावर बसता बसता म्हणायचे, "आज मौन दिसतंय." त्यावर आई आतल्या आत आणखी पेटायची. मौन देवासाठी असतं आणि अबोला माणसाशी असतो, एवढं शुभाला सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं. पण कळलेलं सगळं वेळेवर आठवतंच असं नाही.

आता तिला सहासष्ट पूर्ण झाली होती. त्यातली एक्केचाळीस वर्षं अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये गेली. नवरा सुमंतराव पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आता निवृत्त. मुलगा मिहीर दूर प्लेनोला, नात अनुष्का दहा वर्षांची. शुभाने नोकरी केली नाही. घर केलं, देवधर्म केला, मंडळाच्या प्रत्येक गणपतीला प्रसाद केला आणि रविवारच्या शाळेत दोन पिढ्यांच्या पोरांकडून श्लोक घोकून घेतले. सगळं शॉमबर्ग तिला शुभामावशी म्हणे. फक्त नीला घाटे तिला "शुभे" म्हणायची.

दोघींची गाठ पडली ती चौऱ्याऐंशी साली, अपार्टमेंटच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. शुभा नवीन, इंग्रजी बोलायला घाबरणारी. मशीन सुरू करून ती बाकावर डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत बसली होती. डोळे उघडले तर समोर एक उंच, सावळी बाई कमरेवर टोपली घेऊन उभी.

"मशीन थांबेपर्यंत किती आवर्तनं होतात गं?" त्या बाईने मराठीत विचारलं.

"सात," शुभा म्हणाली, आणि मग मराठी ऐकू आल्याचं लक्षात येऊन तिला रडूच फुटलं.

"रडू नको. ड्रायरला टाक कपडे. तिथे अकरा होतील."

ती नीला. नागपूरची, वाचनालयात नोकरी करणारी, देवाला हात जोडणारी पण देवाशी फार न बोलणारी. तिचा नवरा चंद्रशेखर घाटे भूल देणारा डॉक्टर. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. पुढे दोन्ही घरांनी दोन गल्ल्या सोडून घरं घेतली. एकीच्या बाळंतपणात दुसरीने डिंकाचे लाडू केले, एकीचे वडील गेले तेव्हा दुसरीने विमानतळावर सोडलं. एवढ्या वर्षांत भांडण म्हणावं असं झालं नाही. झालं तेही असं झालं की भांडण म्हणून ते कुणाला दिसलंच नाही.

बोटीची कल्पना डॉक्टरांची. न्यूयॉर्क राज्यात एरी कालवा आहे, दोनशे वर्षांपूर्वी खणलेला. त्यावर राहायची सोय असलेल्या छोट्या बोटी भाड्याने मिळतात आणि स्वतःच चालवायच्या असतात. जूनअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा, चौघांनी जायचं, असं जानेवारीत ठरलं. शुभाची एकच अडचण होती: देव. सुमंतरावांनी फळीचं छोटं देवघर करून मूर्तींच्या तळाला वेल्क्रो लावून दिलं.

"देवांना सीट बेल्ट!" म्हणून नीला डोळ्यांत पाणी येईतो हसली होती.

मग मार्चमध्ये पाडवा आला. मंडळाच्या हॉलमध्ये श्रीखंडाच्या रांगेत देवयानी नावाच्या एका तरुण सुनेने सहज विचारलं, "शुभामावशी, आता तुम्हाला करमायचं नाही ना? घाटेकाकू अ‍ॅशबर्नला शिफ्ट होताहेत, वेदकडे. खाली सेपरेट अपार्टमेंट आहे म्हणे त्यांच्यासाठी."

वेद म्हणजे नीलाचा मुलगा, राहायचा विमानाने जावं लागेल इतक्या लांब. शुभा म्हणाली, "हो ना गं." माहीत असल्यासारखी. हातातली वाटी खाली ठेवायलाही तिला दोनदा जागा शोधावी लागली. देवयानीला माहीत, म्हणजे रांगेतल्या निम्म्या लोकांना माहीत. आणि आपल्याला नाही.

ती कुणालाच काही बोलली नाही. नीला आपणहून सांगेल, तिने सांगायला हवं, असं तिने मनात धरलं. एप्रिल गेला, मे गेला. नीला रोज फोन करायची, भाजी काय केली विचारायची, आणि अ‍ॅशबर्नचा अ सुद्धा काढायची नाही. शुभा मनात म्हणाली, बोटीवर सांगेल. सहा आठवडे चोवीस तास एकत्र, तिथे कुठे पळेल?

बोट चांगली होती. चव्वेचाळीस फूट लांब, हिरवी, पोलादी, आत दोन झोपायच्या खोल्या, गॅस, सिंक. बाजूवर बगळ्याचं चित्र होतं, म्हणून डॉक्टरांनी तिचं नाव बगळी ठेवलं. बगळी इतकी सावकाश चाले की काठावरच्या जुन्या पायवाटेवरचे सायकलवाले हात करून पुढे निघून जात. डावीकडे मक्याची शेतं, उजवीकडे सफरचंदाच्या बागा, मधूनच एखादं गाव. गावाच्या तोंडाशी लोखंडी पूल असे. भोंगा वाजवला की पुलावरचा माणूस घंटी वाजवून गाड्या थांबवी आणि अख्खा पूल सरळ वर उचली. त्याखालून जाताना शुभा न चुकता हात जोडायची. एका ठिकाणी तर रस्ता कालव्याच्या खालून जात होता. वर बोट, खाली मोटार. शुभाला फलटणच्या कालव्याची आठवण येई. तिथे मुलींना कालव्यावर जायला बंदी होती. पाळीचं पाणी सोडणारा पाटकरी दिसला की पोरं धावत जायची आणि ती ओसरीवरून बघायची.

नीला सुकाणू धरायची. तिला ते पहिल्या दिवसापासून जमलं. पुढच्या टोकाला शुभा, मध्ये सुमंतराव. डॉक्टरांना मात्र नीला कुठल्या कामाला हात लावू देत नसे. "तू बस, शेखर. चहा घे." किनाऱ्यावर उतरले तरी ती त्यांच्या मागोमाग उतरायची. किती लाडावून ठेवलंय नवऱ्याला, असं शुभाच्या मनात येई. एरवी ती हे नीलाला तोंडावर म्हणाली असती.

दोन आठवडे गेले. नीला काही बोलली नाही. आषाढातली एकादशी आली, चातुर्मास सुरू झाला. दर वर्षी शुभा चातुर्मासाचा काहीतरी नेम धरायची. कधी कांदा-लसूण सोडायचा, कधी एकाच धान्याचं खायचं. या वर्षी तिने सकाळी देवापुढे बसून तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. मग उठून बाकीच्या तिघांना सांगितलं, "उद्यापासून मी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत बोलणार नाही."

"अगं, पण सकाळीच तर आपण बोट चालवतो," सुमंतराव म्हणाले. "काही झालं तर?"

"आग लागली, कुणी पडलं, तर बोलेन की. देवाला काय एवढं कळत नाही?"

नीला भाजी चिरत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा भाजीकडे बघितलं.

सुमंतराव इंजिनिअर माणूस. त्यांनी लगेच खुणा ठरवल्या. एक हात वर म्हणजे सगळं ठीक. दोन्ही हात वर म्हणजे थांबा. डावा हात बाजूला म्हणजे डावीकडे घ्या. दुसऱ्या दिवशी शुभा पुढच्या टोकाला जपमाळ घेऊन बसली आणि ट्रॅफिक पोलिसासारखे हात करू लागली. डॉक्टर चहाचा कप घेऊन आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, माझं अख्खं आयुष्य लोकांना गप्प करण्यात गेलं. सुई घेऊन मागे लागायचो. तुम्ही आपणहून गप्प झालात!"

शुभाला हसू आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा कप घेऊन आले आणि पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी शुभाने कपाळाला आठ्या घातल्या तरी त्यांचं चालूच. मुद्दाम चिडवताहेत, म्हातारपणी पोरपणा, असं तिला वाटलं.

बारा वाजले की शुभा बोलू लागे. सुमंतरावांशी बोले, डॉक्टरांशी बोले, पुलावरच्या माणसाशी तिच्या इंग्रजीत बोले. नीलाशी फक्त "मीठ दे", "झाकण लाव" एवढंच. सकाळचं गप्प बसणं संध्याकाळपर्यंत लांबत होतं, आणि ते फक्त दोघींना कळत होतं.

एका सकाळी प्लेनोहून अनुष्काचा व्हिडिओ कॉल आला. शुभा फोनसमोर बसून हसली, हात हलवला, पण बोलली नाही. सुमंतरावांनी नातीला समजावून सांगितलं, की आजीचा नेम आहे, देवासाठी.

अनुष्काने फोन अगदी जवळ धरून आजीचा चेहरा निरखला. "सो इज शी प्रेइंग, ऑर इज शी मॅड ॲट समवन?"

"छे छे, मॅड कशाला असेल! आजी कधी रागावते का?" सुमंतराव हसत म्हणाले. शुभाने मणी पुढे ओढला.

बगळी पश्चिमेला जात जात लॉकपोर्टला पोचली. तिथे कालवा एकदम पन्नास फूट वर चढतो. त्यासाठी लॉक असतं, म्हणजे पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, मागचा प्रचंड दरवाजा लावायचा, आणि पाणी सोडून बोट वर उचलायची. उतरताना पाणी काढून घेऊन खाली न्यायची. लॉकवरच्या माणसाला शुभा मनात पाटकरीच म्हणे. भिंतीवरून जाड दोर खाली लोंबत असतात. ते हातात धरून बोट भिंतीपाशी ठेवायची. पण धरायचे फक्त. बांधायचे नाहीत. पहिल्याच दिवशी बोटवाल्याने तीनदा बजावलं होतं: हातात धरा, घसरू द्या, गाठ कधीही मारू नका.

वर जाताना सगळं नीट झालं. चार दिवस पलीकडे फिरून ते परत निघाले. आता उतरायचं होतं. सकाळचे साडेदहा झाले होते. शुभाचा जप त्या दिवशी मागे पडला होता. बारापर्यंत अकरा माळा व्हायच्या होत्या आणि सातच झाल्या होत्या. लॉकमध्ये शिरल्यावर तिने वरून लोंबणारा दोर पकडला. दरवाजे लागायला वेळ होता. एका हाताने दोर, एका हाताने माळ, असं जमेना. म्हणून तिने दोराचे दोन वेढे बोटीच्या लोखंडी खुंटीला घातले, वर अर्धी गाठ मारली, आणि डोळे मिटले. एवढी एक माळ, मग सोडू.

पाणी उतरू लागलं ते इतकं अलगद की तिला कळलंच नाही. माळ मेरुमण्याशी आली तेव्हा तिने डोळे उघडले. दोर ताठ झाला होता. भिंत डोक्याच्या वर गेली होती आणि बगळीचं पुढचं टोक आता पाण्याबरोबर खाली येत नव्हतं. ती गाठीवर तुटून पडली. ओला दोर, वरून बोटीचा भार. गाठ दगडासारखी झाली होती. बोट मागच्या बाजूला कलायला लागली. आत स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन पडलं.

दोन्ही हात वर केले असते तर थांबा अशी खूण झाली असती. पण दोन्ही हात गाठीत होते. उरला होता तो आवाज. मागे सुकाणूपाशी नीला उभी होती. तिला तिथून गाठ दिसत नव्हती, पण तिच्या हाताशी भोंगा होता. भोंगा वाजला की वरचा माणूस पाणी थांबवणार, हे चौघांनाही पाठ होतं. शुभाने मागे वळून तोंड उघडलं. तोंडात आलं ते "नीले". चार महिने ती हाक तिने मारली नव्हती. ती जिभेवर आली, आणि शुभाने ती गिळली.

पुढे कधीही आठवलं तरी तिला हेच आठवायचं: घाबरून आवाज फुटला नाही असं झालं नव्हतं. आवाज होता. तिनेच दिला नाही.

दहा-बारा सेकंद गेले असतील. मग खुंटीवरून वेढा सटकला, बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, आणि बगळीचं नाक धाडकन पाण्यावर आदळलं. शुभा फळीवर बसती झाली. सुमंतराव रेलिंगला लटकले. मागे नीला सुकाणूवरून उडाली आणि पोलादी कठड्यावर हात टेकून पडली.

नीलाच्या उजव्या मनगटाला बारीक चीर गेली होती. गावातल्या दवाखान्यात पट्टा बांधला, हात गळ्यात अडकवला, सहा आठवडे वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. लॉकवरचा माणूस स्वतः भेटायला आला आणि शुभाला ओरडायच्या ऐवजी तिचा हात धरून म्हणाला, असं होतं, पुन्हा करू नका. त्या ओरडण्याची शुभाला फार गरज होती. तो ओरडला नाही.

उलट दुपारी भलतंच सुरू झालं. "तू बघितलं नाहीस," सुमंतराव फोनवर मिहीरला सांगत होते. "बोट उलटायची वेळ आली, पण आईने तोंडातून शब्द काढला नाही. साडेदहाच वाजले होते ना! काय निष्ठा म्हणायची!" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हॅट्स ऑफ." मंडळाच्या ग्रुपवर देवयानीने हात जोडल्याची ओळभर चित्रं पाठवली: 'अशी श्रद्धा आता कुठे बघायला मिळते, शुभामावशी!' त्याखाली पस्तीस जणांचे नमस्कार पडले.

नीला डाव्या हाताने चमच्याने वरणभात खात राहिली. तिला चमच्याने वरणभात खाणं आयुष्यात कधी आवडलं नव्हतं.

संध्याकाळी शुभाने देवापुढे दिवा लावला. वेल्क्रोमुळे एकही मूर्ती हलली नव्हती. ती हात जोडून उभी राहिली आणि तिला रोजचं म्हणता येईना. आग लागली, कुणी पडलं, तर बोलेन, हे तिनेच सांगितलं होतं. देवाने तिचं तोंड बांधलं नव्हतं. पस्तीस नमस्कार पडले होते ते कशाला? तिच्या हट्टाला. आणि तो हट्ट तिने गंधफूल लावून देवाच्या नावावर चढवला होता. आईने निदान देवाला मध्ये घेतलं नव्हतं.

सकाळी आठला बगळी अजून काठाला बांधलेली होती. सुमंतराव इंजिनाचं तेल बघायला मागे गेले होते. डॉक्टर झोपले होते. नीला पुढच्या बाकावर कालव्याकडे तोंड करून बसली होती, केस मोकळे, डाव्या हातात कंगवा. डाव्या हाताने तिला भांगसुद्धा जमत नव्हता. शुभा मागून गेली, तिच्या हातातून कंगवा घेतला आणि केस विंचरू लागली. नीलाने मान मागे टाकली. केस पांढरे आणि किती विरळ झाले होते. एके काळी या वेणीला दोन हात पुरत नसत.

"ते मौन नव्हतं," शुभा म्हणाली.

नीला हलली नाही. "वाजले किती?"

"आठ."

"मग बारापर्यंत थांबायचं होतंस की. चार तासांनी काय बिघडत होतं?"

"नीले, थट्टा करू नको. अबोला होता तो. तुझ्याशी. काल मला हाक मारता येत होती. तोंडात आली होती. मी गिळली."

"मी बघितलं."

शुभाचा कंगवा थांबला. "काय बघितलंस?"

"तू तोंड उघडलंस. मग मिटलंस." नीला पाण्याकडेच बघत होती. "पडताना मला हाताचं काही वाटलं नाही. मनात एवढंच आलं, एवढी रागावली आहे ही माझ्यावर!"

काठावरून एक सायकलवाली बाई गेली, तिने हात केला, आणि दोघींनी सवयीने हात केला.

"मला रांगेत कळलं," शुभा म्हणाली. "श्रीखंडाच्या. देवयानीकडून. एक्केचाळीस वर्षांत मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली असेल तर सांग."

"वेदच्या बायकोने तिच्या मैत्रिणीला सांगितलं, तिथून ते फुटलं. मला नंतर कळलं." नीलाने डाव्या हाताने पदर सारखा केला. "तुला मीच सांगायचं होतं. तीनदा आले सांगायला. पण घर बदलतोय एवढंच सांगून माझी सुटका झाली असती का? तू विचारलं असतंस, का? आणि तुझ्यापुढे खोटं बोलायला मला कधी जमलंय? आणि खरं सांगायला बंदी होती."

"कुणाची?"

"शेखरची." ती म्हणाली, "तो रोज सकाळी तुला तो भुलीचा विनोद सांगतो ना, तो तुला चिडवायला नाही सांगत, शुभे. काल सांगितलाय हे त्याला आठवत नाही."

शुभा बाकाच्या मागे उभी होती. तिला बसावंसं वाटलं, पण नीलाचे केस तिच्या हातात होते.

"नोव्हेंबरमध्ये कळलं," नीला सांगत होती. "सुरुवात आहे म्हणतात. तो स्वतः डॉक्टर, त्याला माझ्याआधी कळलं. म्हणाला, शॉमबर्गमध्ये कुणाला कळता कामा नये. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील, ते मला नको. सुमंतलाही नको, आणि शुभावहिनीला तर नकोच, ती माझ्यासाठी उपास धरेल. माझ्याकडून वचन घेतलं. आणि म्हणाला, एक उन्हाळा बोटीवर काढू, सगळं आठवतंय तोवर."

शुभाच्या डोळ्यांपुढून सगळा महिना मागे सरकत गेला. तू बस शेखर, चहा घे. उतरताना त्यांच्या मागोमाग उतरणारी नीला. आपण घातलेल्या आठ्या. ही बाई आठ महिने तोंड मिटून होती आणि तिने एकदाही कुणाला मी नेम धरलाय असं सांगितलं नव्हतं.

"आता सांगितलंस ते?" शुभाने विचारलं. "वचन मोडलंस?"

"मोडलं. काल तुझं तोंड मिटलेलं बघितलं तेव्हाच ठरवलं. शेखरला मी सांगेन, की शुभाला सांगितलंय. ओरडेल. मग विसरेल." नीला हसली, आणि हसता हसता तिचे खांदे हलू लागले. शुभाने केस सोडून दिले आणि मागूनच तिच्या गळ्यात हात टाकले, पट्टा बांधलेला हात सांभाळून.

"सुमंतला मात्र नको," थोड्या वेळाने नीला नाक पुसत म्हणाली. "तो लगेच खुणा ठरवेल."

त्या दिवशी शुभाने आंघोळ करून तळहातावर कालव्याचंच पाणी घेतलं. संकल्प सोडायला जे पाणी घेतात तेच, पण आता ते तिने त्या नेमावर सोडलं. चातुर्मासाचे तीन महिने बाकी होते. दुसरा नेम धरावा असं तिच्या मनात आलं आणि तिने धरला नाही. इतक्यात देवाकडे पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं? त्याऐवजी ती मागे गेली. सुमंतराव तेलाचे हात पुसत होते.

"अहो, मिहीरला फोन करा आणि सांगा, आईचं ते मौन वगैरे काही नव्हतं. मी नीलावर रुसले होते आणि त्या रुसव्यात तिचा हात मोडला. ग्रुपवरही मी लिहिते तसं."

सुमंतरावांनी फडकं खाली ठेवलं. "अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. नमस्कार परत घेतील."

"आणि रुसलीस कशाला?"

"ती अ‍ॅशबर्नला चालली आहे. वेदचं घर मोठं आहे म्हणून," शुभा म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. उरलेलं तिने आत ठेवलं.

तिने ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या. संध्याकाळी देवयानीने लिहिलं, 'मावशी, माझीच चूक. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.' नमस्काराची चित्रं मात्र पुन्हा कुणी पाठवली नाहीत.

पाचव्या दिवशी ते पूर्वेच्या लॉकपाशी आले. हेही उतरायचंच होतं. आता सुकाणू सुमंतरावांकडे होतं. मधला दोर कुणी धरायचा हा प्रश्न होता. नीलाने डॉक्टरांकडे बघितलं, मग शुभाकडे.

"भावजी धरतील," शुभा म्हणाली. "मी इथून बघते. भावजी, दोन्ही हातांनी. हां. बांधायचं नाही, नुसतं धरायचं."

"वहिनी, दोर बांधणाऱ्यांनी मला शिकवू नये," डॉक्टर म्हणाले, आणि नीला खळखळून हसली. हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

पाणी उतरू लागलं. शुभा पुढच्या टोकाला उभी होती, दोर तिच्या तळव्यांतून सरकत होता, आणि तिचं तोंड थांबत नव्हतं. "भावजी, थोडं सोडा. आता धरा. सोडा. अहो, डावीकडे नको! नीले, तू बस खाली, हात सांभाळ." मध्येच ती नीलाकडे वळून सांगे, "सप्टेंबरमध्ये तुझं स्वयंपाकघर मी आवरणार. तू आवरायला घेतलंस तर मोदकपात्र टाकून देशील."

"टाकून कशाला देईन? ते मी नेणार आहे."

"तुला एकटीला मोदक येतात का? उकड कोण काढतं? मी. पात्र माझ्याकडे राहील."

"आणि मी अ‍ॅशबर्नला गणपतीत काय करू? विकतचे आणू?"

"मला बोलाव. पात्र घेऊन येते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. भावजी, सोडा, सोडा! आणि गणपतीलाच कशाला, आधीमधी पण येईन. तू सांगशील तेव्हा. पण तू सांगायचं. रांगेत कळता कामा नये."

"सांगेन गं बाई!"

दोघींचे आवाज लॉकच्या उंच, ओल्या भिंतींवर आपटून दुप्पट होत होते. वरून एक पांढरी दाढी कठड्यावर वाकली. लॉकवरच्या माणसाने इंग्रजीत विचारलं, खाली सगळं ठीक आहे ना, काही मदत हवी का?

नीलाने चांगला हात वर केला. "वी आर फाइन!" ती ओरडली. "शी इज ओन्ली टॉकिंग!"

"काय सांगितलंस त्याला?" शुभाने विचारलं.

"खरं ते," नीला म्हणाली. "तू पुढे बोल."